दहा वेळा लिहिलेले शब्द

तुम्हा दोघांना,

गेल्या रविवारच्या व्हिडिओ कॉलवर तुमची आई सांगत होती की धाकट्याने शाळेतून आलेली स्पेलिंगची यादी बुटांच्या कपाटात लपवून ठेवली आणि ती दोन दिवस कोणाला सापडली नाही. धाकटा तेव्हा स्क्रीनच्या कडेला बसला होता. मला त्याचा फक्त एक गुडघा दिसत होता. तुमचा बाबा हसत म्हणाला, "आई, तूच समजाव याला. अभ्यास कसा घ्यायचा ते तुझ्याकडून शिकावं." मी तुमच्याकडच्या थंडीचं काहीतरी विचारलं आणि विषय बदलला.

विषय बदलला, कारण अभ्यास कसा घ्यायचा हे आपल्याला येतं असं मलाही गेल्या वर्षापर्यंत वाटत होतं. गेल्या वर्षी गणपती ते दिवाळी या दोन महिन्यांत काय झालं ते फोनवर सांगून झालं नसतं. तुमच्याकडे तेव्हा सकाळ असते आणि कोणाला तरी कुठेतरी पोचायचं असतं. म्हणून लिहिते आहे. थोरलीला मराठी वाचता येतं, तिने धाकट्याला वाचून दाखवावं. अडलं तर बाबाला विचारा.

कामतघरला आपल्या इमारतीसमोर, गल्लीपलीकडे एक चाळ आहे. मागच्या वेळी आलात तेव्हा गॅलरीतून तुम्ही ती पाहिली होती आणि हा आवाज कसला म्हणून विचारलं होतं. तो चाळीमागच्या कारखान्यातल्या यंत्रमागांचा. दिवसभर खटखट चालू असते, त्यामुळे आम्ही इथली माणसं जरा मोठ्यानेच बोलतो. त्या चाळीत एक तिघांचं कुटुंब राहतं. वडील मूळचे दिघाशीचे. ते गाव आपल्याच तालुक्यात आहे, पण एसटीने जायचं तर अर्धा दिवस मोडतो. वडील राहनाळच्या एका गोडाऊनमध्ये शिफ्टने कामाला जातात. आई मागच्या कारखान्यात कांड्या भरते. कांडी म्हणजे वीतभर लांबीची नळी. शंकूसारख्या मोठ्या कोनावरचं सूत या नळ्यांवर गुंडाळतात आणि मग ती नळी मागावर आडवा धावणाऱ्या धोट्यात बसते. या दोघांना एकच मुलगी.

गणपती बसले त्या आठवड्यात ती आई माझ्याकडे आली. बारीक अक्षर दिसत नाही म्हणून आधी दोन-तीनदा कसला ना कसला फॉर्म भरून घ्यायला आली होती, म्हणून दारातूनच तिने हाक मारली. या वेळी तिने मुलीला पुढे धरलं होतं.

"काकी, ही पोरगी येडी हाय का शानी, तेच मला समजत न्हाय. बाई बोलतात हिला वाचता येत न्हाय. अन् ही तर रोज संध्याकाळी माझ्यापुढं आख्खा धडा वाचते. मी भाकऱ्या थापते, ही वाचते. एक शब्द अडत न्हाय."

"मग बाई खोटं बोलतात का?"

"बाई कशाला खोटं बोलतील? पन मग माझे कान खोटे काय?"

मुलगी आठ वर्षांची, तिसरीत, पालिकेच्या मराठी शाळेत. ती माझ्या फरशीची नक्षी बघत होती.

मग आईने खरी गोष्ट सांगितली. वडिलांनी ठरवलं होतं, दिवाळीपर्यंत मुलगी वाचायला लागली नाही तर सुट्टीनंतर तिला दिघाशीच्या शाळेत घालायचं. तिथे आजी आहे, आत्या आहे, आत्या अभ्यास बघेल. इथे दोघंही कामावर. "बरोबर बोलतात ते," आई म्हणाली. "चुकीचं काय न्हाय त्यांचं. पन काकी, एकच हाय मला." आणि नीट बांधलेली मुलीची रिबीन तिने सोडून पुन्हा बांधली.

मी मुलीला पुस्तक उघडायला सांगितलं. तिने धडा काढला, ओळीखाली बोट ठेवलं आणि सुरुवात केली. खरोखर एक शब्द अडला नाही. आवाज स्वच्छ, पूर्णविरामाला थांबणारा. आई माझ्याकडे बघत होती, बघा म्हणून. पण पान संपलं तरी मुलगी बोलतच राहिली. पुढच्या पानावरची दोन वाक्यं म्हणून झाल्यावर तिला पान उलटायची आठवण झाली.

मी पानाच्या मधल्या एका ओळीवर बोट ठेवलं. "इथून वाच बघू." तिचे ओठ आवाजाशिवाय हलायला लागले. धडा पहिल्यापासून मनात म्हणत ती त्या ओळीपर्यंत चालत येत होती. पोचले असं वाटल्यावर तिने एक वाक्य मोठ्याने म्हटलं. ते मी दाखवलेल्या ओळीच्या खालचं होतं.

"पाठ केलंस का सगळं?"

"केलं नाही. झालं. वर्गात सगळे मोठ्याने वाचतात ना."

"मग घरी वाचताना अडलं तर थांबत का नाहीस?"

तिने आईकडे पाहिलं. "थांबले की आई भाकरी टाकून बघायला येते."

आईने पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळलं आणि सोडलं. मी म्हटलं, "उद्यापासून पाठव हिला. साडेपाचला."

माझं शिक्षण इंग्रजी शाळेत झालं हे तुम्हाला माहीत आहे. तिथे रोज दहा शब्द असायचे. बाई शब्द घालायच्या, आम्ही लिहायचो आणि चुकलेला शब्द दहा वेळा लिहून काढायचो. मी त्या पद्धतीला कधी नावं ठेवली नाहीत. त्या शिस्तीवर मी नोकरी केली, आणि तुमच्या बाबाचा अभ्यासही त्याच शिस्तीने घेतला. माझ्या लेखी शब्द तो शब्द, मराठी असो की इंग्रजी. तेव्हा मी एक दोनरेघी वही आणली, तिला खाकी कव्हर घातलं आणि दोन पेन्सिलींना टोक करून ठेवलं. रोज साडेपाचला मी मागांच्या आवाजावर आवाज चढवून दहा शब्द घालायची, मग चुकलेल्यांवर खुणा करायची. मुलगी ते शब्द दहा-दहा वेळा लिहायची, तोवर मी आत जाऊन दूध तापवायची आणि गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालायची. परत येऊन लाल पेनाने सही आणि तारीख.

मुलगी गुणी. कधी उशीर नाही, कुरकुर नाही. आणि वही तर अशी की बघत राहावं. अक्षराखाली अक्षर, केसभर इकडे नाही की तिकडे नाही. शिरोरेघा पट्टीने मारलेल्या. शेजारच्या बाई एकदा हळद मागायला आल्या तर मी त्यांना थांबवून ती वही दाखवली होती.

पण दुसऱ्या दिवशी तेच शब्द पुन्हा चुकायचे. 'खिडकी' हा शब्द तिने एका आठवड्यात चाळीस वेळा लिहिला आणि शनिवारी मी घातला तेव्हा काही निराळंच कागदावर उमटलं. मी चिडले. "लक्ष कुठे असतं तुझं?"

"वहीत," ती म्हणाली.

ते उलट उत्तर वाटून मी त्या दिवशी तिला दुधाबरोबरचं बिस्कीट दिलं नाही. हे मी लिहिलं नसतं तर तुम्हाला कळलंही नसतं, पण लिहायचं तर नीट लिहावं.

असे पाच आठवडे गेले. शुक्रवारी माग बंद असतात आणि तिला सुट्टी असते, तेव्हा तिची आई चाळीच्या कठड्याशी उभी राहून मला सवयीने हातानेच विचारायची, कसं काय? मी हातानेच सांगायची, होतंय.

दसऱ्यानंतरची गोष्ट. शब्द घालून झाले, मी आत गेले, गॅस पेटवायला गेले तर सिलिंडर संपलेला. म्हणून लगेच बाहेर आले आणि तिच्या खुर्चीच्या मागे उभी राहिले. तिचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. तिने एकाखाली एक दहा 'ख' काढले. मग वर जाऊन प्रत्येक 'ख'शेजारी 'ड', खालपर्यंत. पुन्हा वर जाऊन दहा 'क'. मग सगळ्या पहिल्या वेलांट्या, मग सगळ्या दुसऱ्या. शेवटी पट्टी ठेवून सटासट दहा शिरोरेघा. दहा खिडक्या तयार. त्यातली एकही तिने सबंध अशी लिहिली नव्हती.

"असं का लिहितेस?" मी विचारलं.

मी कौतुक करते आहे असं तिला वाटलं. "आई कांड्या अशाच भरते," ती म्हणाली. "पहिल्या सगळ्या नळ्या लावायच्या. मग सगळ्यांना धागा. मग मशीन चालू. एक-एक करत बसलं तर दिवस जाईल."

"आणि लिहिताना शब्द वाचतेस का?"

"शब्द शेवटी होतो ना, आजी."

मी तिच्या शेजारी बसले आणि वही पहिल्या पानापासून उलटत गेले. सगळी पानं तशीच होती आणि सगळ्या पानांवर माझी सही होती. तिने लबाडी केली नव्हती. काम करण्याची तिला माहीत असलेली सगळ्यात चांगली रीत तिने माझ्या घरी आणली होती. मी पान लिहून झाल्यावर बघत होते, लिहिताना एकदाही बघितलं नव्हतं. दिवाळीला जेमतेम तीन आठवडे उरले होते.

तिच्या आईला हे सांगायला हवं होतं, पण ती ड्युटीवर होती आणि ही गल्लीपलीकडे ओरडून सांगायची गोष्ट नव्हती. मी एका कागदावर लिहिलं: माझी चूक झाली आहे. पाच आठवडे वाया गेले. मुलीचा दोष नाही. उद्या कामावर जाण्याआधी ये. घडी घालून चिठ्ठी मुलीच्या हातात दिली. "आईला दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दारात हजर. केस ओले, हातात डब्याची पिशवी.

"काकी, काय चूक केलीत तुम्ही?"

"बस, सांगते."

"बसत न्हाय, ड्युटी हाय. पन आधी माझं ऐका. काल माझे हात पिठात. मी हिला बोलली, तूच बघ काय लिवलंय काकींनी. ही घेऊन बसली. 'माझी' बोलली अन् मग किती वेळ कायच न्हाय. मग 'चूक'. मग तोंड असं केलं जसं काय लॉटरी लागली. बोलते, 'आई, आजीची चूक झाली!' मग काय सोडते? एकेक शब्द काढला. माझी भाकरी जळली, पन सगळी वाचली."

"सगळी?"

"'वाया'ला लई अडली. मी सांगनार होती, तर बोलते, गप बस, मी काढते."

मग मी तिला वही दाखवली आणि अक्षरं कशी उभी उतरली होती ते बोटाने खाली नेऊन सांगितलं. ती आधी बघतच राहिली. मग जी हसायला लागली ती डोळे पुसेपर्यंत. "अगं बाई! वहीत कांड्या भरल्या काय हिनं!" आणि एकदम थांबली. "म्हंजे शिकवलं मीच."

"नाही," मी म्हटलं. "सही माझी आहे."

त्या दिवसापासून दहा शब्द बंद. काही मोठं सुचलं म्हणून नाही. दुसरं काही सुचत नव्हतं आणि तिने एक चिठ्ठी वाचली होती, म्हणून मी रोज चिठ्ठी लिहायला लागले. चिठ्ठी खरी पाहिजे, एवढंच ठरवलं होतं. तिच्यातलं काम खरोखरच असलेलं पाहिजे आणि ते आईला आधी माहीत असता कामा नये. उद्या दुपारी आमचं पाणी जाणार आहे, एक कळशी भरून ठेवशील का? माझ्याकडे शेवग्याच्या शेंगा फार आल्या आहेत, पिशवी पाठव. गुडघ्याला कोणतं तेल लावू म्हणालीस? आई भाकऱ्या थापायची, मुलगी चुलीच्या ओट्याशी उभी राहून चिठ्ठी फोडायची. उत्तरही मुलीनेच लिहायचं, आई सांगेल तसं.

उत्तरं अशी यायची. "तेल तिळाचं. कोमट करा. आई म्हणते सारखे सारखे जिने उतरू नका, घरात काय कमी आहे." दुसऱ्या एका दिवशी: "शेंगा मिळाल्या आमटी झाली. आई म्हणते तुमच्या शेंगापण तुमच्यासारख्या, सगळ्या एका मापाच्या." ती चिठ्ठी वाचून मी स्वयंपाकघरात एकटीच हसत होते.

इथे मी नीट करून लिहिलं आहे, पण चुका पुष्कळ असायच्या. लाल पेन मी दोनदा हातात घेऊन ठेवून दिलं. तिसऱ्यांदा राहवलं नाही, चिठ्ठीतल्या तीन वेलांट्या दुरुस्त करून परत पाठवली. दुसऱ्या दिवशीचं उत्तर एकाच शब्दाचं आलं: "बरं." मग मी ते पेन तुमच्या आजोबांच्या जुन्या फाइलींच्या खणात टाकलं.

एक गोष्ट मात्र वडिलांना वेळेवर सांगायला हवी होती आणि ते माझ्या लक्षात आलं नाही. मुलीचं वाचन हळू झालं. शाळेचं पुस्तकही ती आता चिठ्ठीसारखं वाचायला लागली, म्हणजे अक्षर बघून. पूर्वी जो धडा ती एका दमात म्हणायची, तो आता तीन ठिकाणी अडायचा. मला आणि आईला त्याचा अर्थ कळत होता. वडिलांना कोणी काही सांगितलंच नव्हतं. त्यांची शिफ्ट अशी की जागी असलेली मुलगी त्यांना आठवड्यातून एक-दोनदाच भेटायची.

पाडव्याच्या सकाळी तिघंही फराळाचा डबा घेऊन आले. वडील नव्या शर्टात, खिशाला पेन. गोडाऊनमध्ये माल उतरवून घेताना सारखं काहीतरी टिपायचं असतं, म्हणून पेन कायम असतं. चहा झाल्यावर कप खाली ठेवून ते म्हणाले, "मॅडम, तुम्ही एवढा वेळ दिलात, आम्ही इसरनार न्हाय. पन काल मी हिला पुस्तक घेऊन बसवली. आधी पोरगी हायवेनं चालली होती. आता आपल्या गल्लीच्या खड्ड्यांतून चाललीय. शब्दाशब्दाला दचका."

"आधी गाडी चालूच कुठं होती?" आई म्हणाली. "जागेवर उभी राहून नुसता हॉर्न वाजवत होती."

"तू थांब. मी बहिनीला सांगून ठेवलंय. सुट्टी संपली की दिघाशी." आवाज कडक नव्हता. ते डब्याच्या झाकणाकडे बघत बोलत होते. "मला काय हौस हाय का मॅडम? पन मी शाळा सोडली ती अशीच. दर शब्दाला दचके खात. पोरं हसायची. हिचं तसं नको."

मी समजावायला लागले. पाठांतर म्हणजे काय, वाचन म्हणजे काय, हळू होणं चांगलं का. माझा आवाज मलाच ऑफिसातल्यासारखा ऐकू येत होता. ते मान हलवत होते, पण त्यांना ते पटत नव्हतं. शेवटी आईच मधे बोलली.

"तुम्ही लिवा कायतरी. आत्ता. मला दाखवू नका, काकींना दाखवू नका. लिवा अन् तिला द्या."

त्यांनी इकडे तिकडे पाहिलं. फराळाच्या डब्याला गुंडाळलेला कागद काढला, भिंतीकडे तोंड केलं आणि कागदावर हात आडवा धरून लिहिलं. बराच वेळ लागला. मग कागद मुलीकडे दिला.

कागदाला तेलाचे डाग पडले होते. मुलीने तो टेबलावर सरळ केला आणि बोट ठेवलं. आई उठून गॅलरीच्या दाराशी गेली आणि आमच्याकडे पाठ करून उभी राहिली. आपण मदत केली असं कोणी म्हणायला नको.

"दि... वा... दिवाळी," मुलगी म्हणाली. "दिवाळी... झा... झाल्यावर."

बाहेर दोन फटाके वाजले. तिने बोट हलवलं नाही.

"झाल्यावर तू... गाव... गावच्या... आजीकडे."

आईची पाठ मला दिसत होती. चिठ्ठीत काय आहे हे तिलाही आमच्याबरोबर, त्याच वेगाने कळत होतं.

"रा... राह... शील. राहशील. का." मग मुलीने मान वर न करता सबंध ओळ एकदा म्हटली. "दिवाळी झाल्यावर तू गावच्या आजीकडे राहशील का."

मला वाटलं ती आता रडेल, नाहीतर आईकडे धावेल. तिने वडिलांपुढे हात केला. "पप्पा, पेन."

पेन घेऊन ती जमिनीवर पालथी पडली आणि त्याच कागदावर खाली लिहायला लागली. मी तिच्या हाताकडेच बघत होते. ती एक शब्द पुरता लिहायची, त्याच्याकडे बघायची आणि मग पुढचा घ्यायची. झाल्यावर तिने कागद वडिलांच्या हातात दिला.

आता वेळ त्यांना लागला. त्यांचे ओठ हलत होते. मग त्यांनी मोठ्याने वाचलं, तिच्याइतकंच सावकाश: "सुट्टीत जाईन. शाळेच्या दिवसात आईला चिठी कोन वाचून दाखवनार."

आई वळली. डोळे भरलेले होते, पण तोंड गप्प बसेना. "बरोबर हाय की. मला कुठं चष्मा हाय?"

"चष्मा आनून देतो. मग?"

"मग तो हरवंल."

ते हसले. त्या माणसाला मी पहिल्यांदाच हसताना बघितलं. कागदाची नीट घडी घालून त्यांनी ती पेनाबरोबर खिशात ठेवली आणि म्हणाले, "मार्चपर्यंत बघू."

"मार्च न्हाय. चौथी होईपर्यंत."

"बघा मॅडम. पोरगी वाचायला शिकली आणि ही वकील झाली."

मग आम्ही चकल्या खाल्ल्या. जाताना आई आणि मुलगी पुढे उतरल्या, वडील जिन्याच्या पहिल्या पायरीवर थांबले. हळूच म्हणाले, "आधी खरंच वाचत नव्हती?"

"नाही."

"मला वाटायचं, आपली पोरगी आपल्यासारखी न्हाय," ते म्हणाले आणि खाली गेले. ते बोलणं आनंदाचं होतं की दुःखाचं, हे मला आजपर्यंत नीट ठरवता आलेलं नाही.

सुट्टीनंतर शाळेतल्या बाईंनी तिला न शिकवलेल्या धड्याचं एक पान वाचायला दिलं आणि आईला निरोप पाठवला, हळू आहे, पण वाचते. ती अजूनही हळूच आहे. वर्गातली निम्मी मुलं तिच्या पुढे आहेत. शब्द घातले तर अजून चुकतात. दमली की पाठ असलेला धडा सुरू करते, मग मी पुस्तक मिटते आणि तिलाच हसू येतं. तिच्या आईचा चष्मा खरंच आला आणि तो हरवलेला नाही, पण भाकऱ्या करताना ती तो घालत नाही.

परवा त्या वहीचं तेवढं मी तुमच्या बाबाला सांगितलं. तो इतका हसला की तुमच्या आईने येऊन विचारलं काय झालं. म्हणाला, "आई, तुला आत्ता कळलं? मी पहिलीपासून तसंच लिहायचो. उभं लिहिलं की लवकर संपायचं आणि खेळायला जाता यायचं." त्याच्या वह्या माळ्यावर वर्षवार लावलेल्या आहेत. मी काढून बघितल्या. तोही तसाच लिहायचा, आणि त्या पानांवरही माझीच सही आहे.

तेव्हा धाकट्या, ती यादी बुटांच्या कपाटातून काढून टेबलावर ठेव, कारण ती शाळेची आहे. पण मला एक चिठ्ठी लिही. इंग्रजीत लिही, मराठीत लिही. तुला खरोखर जे विचारायचं असेल तेच विचार. मी उत्तरात तुझ्या आईला माहीत नसलेलं काहीतरी लिहीन, ते तू तिला वाचून दाखवायचं. अडलास तर थांब. ती हातातलं काम टाकून आली तरी चालेल.

दिवाळीनंतर दिघाशीचं नाव वडिलांनी फक्त सुट्टीपुरतं काढलं; तिथल्या शाळेत घालायची गोष्ट त्यांनी मार्चमध्येही काढली नाही. मुलगी आता चौथीत आहे आणि समोरच्या चाळीत, आईजवळ राहते.